फोनवरचं ‘बरं आहे’

चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी विचारतंच, ‘‘वंदना, तू ते फोनवर डिप्रेशनचं काहीतरी करायचीस ना? दिवसभर रडकी माणसं ऐकून कंटाळा नाही यायचा?’’ आता काय सांगू! हसू आवरेना म्हणून हेडफोन काढून गच्चीत पळावं लागायचं, अशा गोष्टी आमच्या त्या दोन खोल्यांत घडल्यात. किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही हो. लग्नघरातल्या चपलांसारखे ते आपले दारात साठत जातात, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नसते. नावं-गावं थोडी इकडची तिकडं केलीत. बाकी जसं घडलं तसं.

आधी जागा सांगते. आपलं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं, आणि दुष्काळाची ती ओळीनं आलेली वर्षं होती. बीड बायपासला रोज एक नवी बिल्डिंग दिसायची आणि प्रत्येक बिल्डिंगखाली एक टँकर. आमचं ऑफिस गारखेड्यात, एका मिक्सर रिपेअरवाल्याच्या वर. देशपांडे मॅडम मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे आमच्या डॉक्टर. त्यांच्या हाताखाली मी आणि रफीकभाई, दोघं समुपदेशक. पेशंटनं एकदा येऊन मॅडमना दाखवायचं, लागलं तर त्या औषध देणार, आणि पुढं दर आठवड्याला आम्ही फोनवर बोलणार. ज्याला खाटेवरून उठवत नाही, तो अजिंठ्याहून नाहीतर कन्नडहून दर आठवड्याला एसटीत उभा राहून येणार आहे होय? म्हणून फोन.

आमच्या आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणीला सांगायची, ‘‘एमएसडब्ल्यू केलं पोरीनं, अन् आता सिमकार्ड विकती.’’

*

पहिल्या आठवड्यात मी लासूर स्टेशनला एका बाईंना फोन लावला. मोठ्या उत्साहानं म्हणाले, ‘‘नमस्कार, मी तुमच्या मनाबद्दल बोलायला फोन केलाय.’’

‘‘कुनाबद्दल?’’

‘‘मनाबद्दल!’’

बाईंनी फोनवर हात ठेवला, पण सगळं ऐकू येत होतं. ‘‘अहो, कुणीतरी मनाबद्दल विचारतंय. आपल्यात कोन हाय मना?’’

मागून मालकांचा आवाज आला, ‘‘शिंद्याची सून असंल. तिची भानगड आपल्याला नको! ठिव फोन!’’

फोन बंद. त्या शिंद्यांच्या सुनेचं पुढं काय झालं देव जाणे.

दुसरा फोन एका आजोबांना. हॅलो म्हणायच्या आत ते सुरू झाले, ‘‘ताई, लोन नको, पॉलिसी नको, प्लॉट बी नको.’’

‘‘अहो आजोबा, मी काहीच विकत नाही.’’

‘‘मग फोन कशाला केला?’’

‘‘तुम्ही कसे आहात, ते विचारायला.’’

तिकडं टीव्ही बारीक केल्याचा आवाज आला. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, ‘‘निस्तं तेवढ्यासाठी?’’ आणि त्यानंतर ते असे बोलत सुटले की माझं जेवण राहिलं.

*

पण आमच्या धंद्यातला खरा वैरी सांगू? तो म्हणजे ‘बरं आहे’.

समोर बसलेला माणूस ‘बरं आहे’ म्हणाला तर त्याचे डोळे दिसतात, हात दिसतात. फोनवर काय दिसणार? आणि आपल्या लोकांची तर सवयच. घरात चूल पेटली नसली तरी ‘बरं आहे’, पोराला पहिला नंबर मिळाला तरी ‘बरं आहे’. मॅडम म्हणायच्या, ‘‘वंदना, चेहरा नाही ना आपल्याकडं, मग ‘बरं’ नीट ऐकायला शिक.’’ मग आम्ही शिकलो. ‘बरंय की!’ म्हणजे खरंच बरंय. ‘बरं बरं’ म्हणजे फोन ठेव बाई आता. ‘तसं बरं आहे’ म्हणजे आता रडणार, तयारीत राहा. आणि एक ‘बरं आहे’ असतं सपाट, ना वर ना खाली. ते ऐकलं की मी हातातलं बाकी सगळं काम बाजूला ठेवायची.

ते सपाट ‘बरं आहे’ सोनवणेकाकांचं.

सोनवणेकाका अजिंठ्याचे. उभा जन्म लेण्यांत गाईड म्हणून गेला. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि जपानी पाहुण्यांना हसवण्यापुरतं जपानी. बोलण्यावर पोट भरणारा माणूस, आणि एका उन्हाळ्यात तो बोलायचाच थांबला. कारण विचाराल तर असं एक काही नव्हतं. नदी आटली, धबधबा नाही, पाहुणे कमी झाले, हे सगळं खरं. पण बाकीचे गाईड कुरकुरत का होईना रोज जात होते. काका एक दिवस घरी आले आणि परत गेलेच नाहीत.

काकू त्यांना पहिल्यांदा घेऊन आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘ताई, हे दुपारचं उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसतेत. माझा जीव थाऱ्यावर राहत नाय.’’ मॅडमनी काकांना आडपडदा न ठेवता विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. काकांनी मान हलवली. होय म्हणून.

त्या दिवसापासून औषध सुरू झालं, गोळ्या काकूंच्या ताब्यात, भावकीतलं कुणी ना कुणी सतत सोबत, काही वाटलं की कुठल्याही वेळी आम्हाला फोन. आणि दर गुरुवारी माझा फोन. काकू तो स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवायच्या. मी विचारायची, ‘‘काका, कसं वाटतंय?’’ आणि तिकडून यायचं, ‘‘बरं आहे.’’ मी काहीही विचारलं तरी तेवढंच. हा माणूस हातचा जाऊ नये, एवढी एकच भीती त्या वर्षी मला होती. बाकी सगळं सोपं होतं.

*

आता नामदेवचा किस्सा ऐका, म्हणजे जरा मोकळं वाटेल.

नामदेव कन्नडच्या बाजूचा, काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याला सारखी धास्ती, छातीत धडधड, जीपला हात लावायची इच्छा नाही. पण त्याच्या गावात रेंज नव्हती. रेंज होती फक्त गावच्या पाण्याच्या टाकीवर. टाकी कोरडीठाक, त्यामुळं चढायला कुणाची हरकतही नव्हती. मग दर मंगळवारी नामदेव शिडीनं टाकीवर चढायचा आणि तिथून माझ्याशी बोलायचा. बोलायचा म्हणजे ओरडायचा, कारण वर वारा!

मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘‘हे आपल्या दोघांतच राहील बरं का. अगदी गुप्त.’’

तो वरून ओरडला, ‘‘व्हय ताई! गुप्त!’’

एका मंगळवारी मी विचारलं, ‘‘नामदेव, रोज जीप स्टार्ट करून फक्त वेशीपर्यंत न्यायची ठरली होती. नेली का?’’

‘‘नेली ताई! रोज नेली!’’

तेवढ्यात खालून एका बाईचा खणखणीत आवाज, ‘‘खोटं बोलतोय ओ ताई! सोमवारी नेलीच नाय!’’

मी हादरलेच. ‘‘नामदेव, खाली कोण आहे?’’

‘‘सगळेच हायेत ताई. टाकीच्या सावलीला बसतेत मंगळवारी.’’

गुप्ततेचे असे तीनतेरा वाजलेले! मी मॅडमकडं धावले. मॅडमनी त्याला विचारायला लावलं, की बाबा, तुला हे चालतंय का, नाहीतर दुसरी सोय करू. नामदेव म्हणाला, ‘‘राहू द्या ताई. आदी मला लोक म्हनायचे, नाटकं करतो. आता सकाळी सकाळी जीप ढकलायला येतेत.’’

*

सोनवणेकाका, बरं आहे.

*

रफीकभाईंचा किस्सा तर आमच्याकडं नवीन माणूस आला की सांगायचोच. त्यांचा एक पेशंट रिक्षावाला, झोप उडालेली. मध्यरात्र नाही, पहाट नाही, डोळ्याला डोळा नाही. रफीकभाईंनी त्याला फोनवर श्वासाचा व्यायाम शिकवायला घेतला. रफीकभाईंचा आवाज मुळात मऊ. ‘‘आहिस्ता सांस लेव... अब आहिस्ता छोडो...’’ असं चाललेलं. थोड्या वेळानं बघते तर रफीकभाई गप्प, हेडफोन कानाला, आणि चेहरा असा की जणू कुणी त्यांच्या मांडीवर तान्हं मूल ठेवलंय.

मी खुणेनं विचारलं, काय झालं? त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. तिकडून घोरणं! असलं घोरणं की खालचा मिक्सरवाला फिका पडावा.

‘‘मग ठेवा ना फोन!’’ मी कुजबुजले.

‘‘कैसा रखूं? टूं टूं आवाज आया तो उठ जाता ना बिचारा!’’

शेवटी त्याच्या बायकोनं फोन उचलला आणि रफीकभाईंनाच दटावलं, ‘‘भाई, हल्लू बोलो! सो गए उनो!’’

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण दोन दिवसांनी भर दुपारी तिचा परत फोन. ‘‘भाई, आज अपना दिन नई है, मालूम है. मगर जरा सुला देव ना उनकू. और हो सका तो बाद में पोट्ट्यांकू भी.’’

*

शोभाताई बायपासच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेल्या. गावाकडचं घर सुटलं, शहरात ओळखपाळख नाही, नवरा कंपनीत, मुलं शाळेत. दिवसभर दार लावून बसायच्या. आमच्या उपचारात एक असतं, की रोज एक आवडीचं काम ठरवून करायचं. इच्छा नसली तरी करायचं, मग हळूहळू इच्छा येते. मी त्यांना म्हणाले, ‘‘शोभाताई, तुम्हाला कशात मजा यायची आधी? गाणं, विणकाम, रांगोळी?’’

‘‘खरं सांगू का ताई?’’

‘‘सांगा ना.’’

‘‘भांडणात.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. गावात नळावर त्यांचा दरारा होता म्हणे. त्यांचा आवाज आला की रांग आपोआप सरळ व्हायची. इथं आल्यापासून भांडायला कुणी उरलंच नव्हतं.

मी मॅडमना विचारलं. मॅडम पंधरा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या बाई. चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘पुस्तकात भांडू नका असं कुठं लिहिलंय? शिवी नको, मारामारी नको. बाकी लिहून टाक, रोज एकदा.’’

मग शोभाताई रोज टँकरच्या वेळेला खाली उतरायला लागल्या. टँकर उशिरा का आला, पाइप का गळतो, पहिल्या मजल्याला दोन हंडे जास्त का! पहिल्या आठवड्यात आवाज चढला, दुसऱ्यात भूक लागायला लागली, तिसऱ्यात बिल्डिंगमधल्या बायका त्यांना बोलवायला दारात यायला लागल्या. फोनवर त्यांचं ‘बरंय की!’ असं यायचं की मी हेडफोनचा आवाज कमी करायची.

आणि मग एक दिवस त्यांचा आवाज पडलेला. मला काळजी वाटली. ‘‘काय झालं शोभाताई?’’

‘‘ताई, घात झाला. टँकरवाला वेळेवर यायला लागला, पाइप नवा आणला, आणि वरनं मला ‘माऊली’ म्हणतोय. आता मी काय करू?’’

*

त्याच वर्षी पुढं नेट स्वस्त झालं आणि आमच्याकडंही कॉम्प्युटरवरचा कार्यक्रम आला. पेशंटनं घरबसल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मशीन सांगणार की उदासी किती. तो कुठल्यातरी मोठ्या शहरातून तयार होऊन आलेला, आणि त्याचं मराठी बहुतेक मशीननंच केलेलं. पहिलाच प्रश्न, ‘तुम्हाला खाली वाटत आहे का?’

आमचे पहिले गिऱ्हाईक कुलकर्णीकाका. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, त्यामुळं प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, आणि नेमकं द्यायचं. त्यांनी लिहिलं, ‘नाही. आम्ही आठव्या मजल्यावर राहतो.’

पुढचा प्रश्न, ‘तुमच्यात ऊर्जेची कमतरता जाणवते का?’

‘होय. दुपारच्या भारनियमनात.’

मशीननं हिशोब करून निकाल दिला, की गृहस्थ ठणठणीत! आणि गृहस्थ तर रोज संध्याकाळी गॅलरीत बसून टिपं गाळतात, असं त्यांच्या मुलीनं आम्हाला सांगितलेलं. मी फोन केला. ‘‘काका, तुम्ही तर उत्तरांत काहीच लिहिलं नाहीत!’’

‘‘ताई, रडण्याचा रकाना नव्हता हो त्यात.’’

मग मॅडम, मी आणि रफीकभाई, तिघांनी बसून ते प्रश्न आपल्या भाषेत केले. ‘खाली वाटतं का’च्या जागी लिहिलं, ‘हल्ली करमत नाही का?’ कुलकर्णीकाकांना परत पाठवलं. त्यांनी तो एकच प्रश्न वाचून लगेच फोन केला. ‘‘अहो, हे आधी विचारायचं ना! बसा, सांगतो.’’

*

सोनवणेकाका मात्र ‘बरं आहे’वरच होते. औषधानं झोप आली, दोन घास जायला लागले, विहिरीकडं जाणं थांबलं. मॅडम म्हणायच्या, ‘‘उतार आहे, वंदना, धीर धर.’’ पण त्या ‘बरं’मध्ये माणूस काही सापडेना. मी दर बुधवारी संध्याकाळपासूनच चिडचिडी व्हायची, घरी सगळ्यांना माहीत होतं. एकदा तर मॅडमना म्हणाले, ‘‘हा पेशंट रफीकभाईंना द्या. मला नाही जमत.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘ते तुझा फोन उचलतात ना? मग जमतंय.’’

असाच एक गुरुवार. काकूंनी फोन नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. मी विचारलं, ‘‘काका, कसं वाटतंय?’’

उत्तर येईना. मी थांबले. खालच्या दुकानात कुणाचा तरी मिक्सर घरघरत होता तोही बंद झाला. मग काका म्हणाले, ‘‘ताई, सांगता येत नाय.’’

इतक्या दिवसांत ‘बरं आहे’ सोडून दुसरं काही ते पहिल्यांदाच बोलत होते. आनंदाच्या भरात काय बोलावं तेच सुचेना. जे तोंडाला आलं ते बोलून गेले, ‘‘नका सांगू काका. पण मला इथून काहीच दिसत नाही हो. तुम्हाला समोर काय दिसतंय, तेवढं तरी दाखवा मला.’’

मला वाटलं, गेलं हातातनं. आणि मग खाकरण्याचा आवाज आला, आणि त्यामागून एक भरदार, घोटलेला आवाज. मी तो कधी ऐकलाच नव्हता! घरातलं ‘हाय-नाय’ सगळं गेलेलं.

‘‘या. पुढे या. सावकाश. आत अंधार आहे. डोळे सरावायला थोडा वेळ द्या. घाई करू नका, चित्र कुठे पळून जात नाही.’’

मी हात हलवून मॅडमना आणि रफीकभाईंना बोलावलं आणि फोन स्पीकरवर केला. दोघं चहाचे कप घेऊन तसेच उभे राहिले.

‘‘समोर खाट आहे. खाटेवर एक पुरुष बसलेला दिसेल. काम साधारण पंचावन्न वर्षांपूर्वीचं. रंग बराच उडालेला आहे. काही ओलीनं, काही धुरानं, काही लोकांनी हात लावून लावून. पण जवळ येऊन बघा, रेषा अजून शाबूत आहेत. दाढी आहे, ती नंतरची भर आहे. मूळ चित्रात नव्हती.’’

रफीकभाईंना हसू फुटलं आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. मॅडम हसत नव्हत्या, त्यांचे डोळे भरलेले.

‘‘आता डावीकडे वळा. दारात एक स्त्री उभी आहे. हातात कप. अंगावर अलंकार नाहीत. नजर खाटेवरच्या पुरुषाकडे. चेहऱ्यावरचा भाव बघा. हा भाव बघायला लोक लांबून लांबून...’’

आवाज थांबला. एकदम गाईड गेला आणि काका परत आले. ‘‘अगं, तू कवाची उभी हायेस तिथं?’’

काकूंचा आवाज लांबून आला. ‘‘मघापासून.’’

‘‘मघापासून का कवापासून?’’

‘‘लई दिवस झाले,’’ काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू आवरेना. मग काकाही रडायला लागले, मोठ्यानं, पोरासारखे. मॅडमनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. मला इतकं हलकं वाटत होतं की मीही रडत होते, हे मला रफीकभाईंनी रुमाल पुढं केला तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळानं नाक शिंकरल्याचा आवाज आला. खाट कुरकुरली. आणि परत तोच भरदार आवाज.

‘‘चला. ग्रुपनं एकत्र राहावं, मागं कुणी रेंगाळू नका. आता आपण बाहेर उजेडात जाणार आहोत. ताई, तुम्हीपण या. फक्त डोकं सांभाळा, दार लई बुटकं हाय.’’